कठड्यावरच्या उफराट्या मिरच्या

एका मिरचीच्या झाडापायी मी माझी मैत्रीण घालवली. झाडसुद्धा खायच्या मिरचीचं नव्हतं, शोभेच्या मिरचीचं. कुंडीत लावायचं, सपरीत ठेवायचं, येणाऱ्या-जाणाऱ्यानं पाहायचं, एवढंच त्याचं काम. हे कुणाला सांगितलं की लोक हसतात. "काहीतरीच काय मॅडम, मिरचीवरून कुणी भांडते का?" भांडते. मी भांडले. भांडणाहून वाईट जे केलं, ते पुढे सांगते.

दोन हजार तीनच्या आसपासची गोष्ट. आम्ही आमगावला भाड्यानं राहत होतो. एका घरात दोन बिऱ्हाडं, मधे एक भिंत, आणि समोर दोघांत मिळून एकच लांब सपरी. सपरी म्हणजे पुढची कौलारू छपरी. आमच्याकडे बायांचं निम्मं आयुष्य तिथंच जातं. तांदूळ तिथं निवडायचे, केस तिथं विंचरायचे, गल्लीतल्या भानगडी तिथंच ऐकायच्या. सपरीला कमरेएवढा कठडा होता, अर्धा आमचा, अर्धा शेजारच्या ताईचा. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका, शाळा सात किलोमीटरवरच्या खेड्यात, मी माझ्या लूनावरून जायची. नवरा पॅसेंजरनं गोंदियाला कामाला. ताईचा नवरा एका कचेरीत शिपाई. ताई दहावी नापास. हे मुद्दाम सांगते, कारण तेव्हा मी ते मनातल्या मनात फार वेळा घोकलं आहे.

आम्ही बौद्ध. ताईचं घर हिंदू शेतकऱ्याचं, मूळ गाव तिरोड्याकडचं, बोदलकसाच्या तलावाजवळ. घरात ते आपसात पोवारी बोलायचे. आमच्यात आणि त्यांच्यात आडपडदा कसा तो नव्हता. माझी मुलगी दीड वर्षाची होती, ती सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत ताईजवळ राहायची. ताईच तिला भरवायची, झोपवायची, तिचं शेंबडं नाक पदरानं पुसायची. आमच्याकडे बुद्धपौर्णिमेची खीर झाली की ताई पातेलं खरवडून खायला हजर. एकदा तर माझ्या ताटात भात उरलेला पाहून म्हणाली, "फेकून कायले राहिली वं? आन इकडं." आणि बसून माझ्याच ताटात जेवली. हे लक्षात ठेवा. मी विसरले होते, म्हणजे विसरायचं ठरवलं होतं.

तिची मुलगी पाचवीत होती. तिला मी संध्याकाळी गणित शिकवायची. फुकट हो, पैशाबिशाचा विषयच नव्हता. पोरगी हुशार. माझ्यासारखंच खडू धरून भिंतीवर लिहायची, माझ्यासारखीच भुवई वर करून भावल्यांना रागवायची. ते पाहून मला मोठं बरं वाटायचं.

ताईचा भाऊ सडक अर्जुनीला हायवेवरच्या एका ढाब्यावर स्वयंपाकी होता. कुण्या ट्रकवाल्यानं त्या ढाब्याच्या मालकाला दूरच्या नर्सरीतून एक कुंडी आणून दिली होती. भावानं त्यातल्या चार मिरच्या कागदात बांधून बहिणीला आणल्या. मी त्या दिवशी तिथंच होते. सुकलेल्या, बोराच्या बीएवढ्या मिरच्या. मी म्हटलं, "हे काय करता ताई? भाजीत घालायच्याही कामाच्या नाही." ती म्हणाली, "लावून त पाहू."

तिनं बिया ताकात भिजवल्या, फुटक्या माठाच्या खापरात राख-मातीत टाकल्या, वर ओलं फडकं. रोपं चार पानांची झाली तेव्हा डालड्याचे डबे, रंगाच्या बादल्या, तेलाचे पिपे, जे सापडेल त्याला खिळ्यानं भोकं पाडून त्यात लावली. रोपं वीतभर झाली तर बाईनं सगळ्यांचे शेंडे खुडून टाकले. मी ओरडले, "अहो, मारता का त्यांना?" तर हसून म्हणते, "शेंडा खुडला का बाजूनं फुटते."

आणि फुटले हो. दिवाळीपर्यंत एकेक झाड टोपलीएवढं गोल झालं. मिरच्या लागल्या त्या खाली लोंबणाऱ्या नाही, आभाळाकडे तोंड करून उभ्या. म्हणून ताई त्यांना उफराट्या मिरच्या म्हणायची. आधी जांभळ्या, मग दुधाळ पिवळ्या, मग नारंगी, मग लालभडक. आणि हे सगळे रंग एकाच झाडावर एकाच वेळी. तिच्या अर्ध्या कठड्यावर अशी नऊ झाडं ओळीनं. माझ्या अर्ध्या कठड्यावर वाळत घातलेली पायपुसणी.

खोटं कायले बोलू, मला ते सहन झालं नाही. पहिल्यांदा वाटलं, छान आहे, मलाही छान वाटते आहे. पण तसं नव्हतं. दूधवाला थांबून पाहायचा. गॅसवाला सिलेंडर खांद्यावर ठेवून पाहायचा. माझ्या घरी येणारे पाहुणेसुद्धा आधी तिच्या कठड्याशी थांबायचे, "अरे वा, किती सुंदर, कुणी लावल्या?" आणि मग आमच्या दारात येऊन चपला काढायचे. चहा माझा प्यायचे, साखर माझी, आणि गप्पा मिरच्यांच्या. माझा नवरा, ज्याला घरातला बल्ब गेलेला आठ दिवस दिसत नाही, तो एक दिवस म्हणाला, "वहिनीच्या हातात जादू आहे बरं." त्या रात्री मी भाजीत मीठच टाकलं नाही. तो बिचारा न बोलता जेवला.

मला सांगा, पगार कुणाच्या घरात येत होता? बी.ए. कोण झालं होतं? गल्लीत लूनावरून जाणारी बाई कोण होती? आणि कौतुक कुणाचं, तर दहावी नापास बाईच्या डालड्याच्या डब्यांचं. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

मी गोंदियाहून चार गुलाब विकत आणले, खऱ्या मातीच्या कुंड्यांत. पंधरा दिवसांत चारही वाळले. नुसती काटेरी दांडकी उरली. मग वाटलं, आपणही मिरच्याच लावाव्या. ताईला एक शब्द टाकला असता तर तिनं मला रोपंच काय, भरलेली कुंडी उचलून दिली असती. पण मागायचं कसं? मागितलं म्हणजे तिचं मोठेपण कबूल केलं. ताई दोन दिवस माहेरी गेली तेव्हा मी तिच्या झाडाच्या तीन लाल मिरच्या तोडल्या. स्वतःच्या सपरीत, भर दुपारी, इकडेतिकडे पाहत. चोरीचं रोप चांगलं लागते म्हणतात, तेवढाच मनाला आधार.

रोपं उगवली. मग मी माझी अक्कल पाजळली. आमच्या सासऱ्यांची थोडी धानाची शेती. धान पिवळं पडलं की युरिया फेकायचा आणि आठ दिवसांत हिरवंगार पाहायचं, हेच आम्हाला माहीत. मी मिरचीच्या डब्याडब्यात मूठमूठ युरिया टाकला. झाडं फोफावली, पानं ही तळव्याएवढी. फूल नाही, मिरची नाही. नुसती पानं. ताईनं एक दिवस पाहिलं. तिला कळलंच असणार बी कुठून आलं ते, असली मिरची अख्ख्या आमगावात दुसऱ्या कुणाकडे होती? पण एका शब्दानं बोलली नाही. एवढंच म्हणाली, "युरिया नोको देऊ वं. पानावरच जाते. राख टाकत जा, तांदळाचं धोवन टाकत जा."

तिनं मला चोर म्हटलं असतं तर बरं झालं असतं. तिच्या त्या समजूतदारपणानं माझ्या नाकाला जास्त मिरच्या झोंबल्या. मी रात्री तिन्ही डबे उकिरड्यावर ओतले.

मग आली सव्वीस जानेवारी. आमच्या शाळेत मोठे साहेब येणार होते. आदल्या दिवशी मुख्याध्यापक सर म्हणाले, "मॅडम, तुमच्या शेजारच्या बाईच्या त्या कुंड्या मिळतील का? स्टेजसमोर मांडू." मला माझ्या तोंडानं तिला विचारावं लागलं. ती केवढी हरखली! डब्यांना रात्रीतून गेरू लावला, काठाला चुन्याची रेघ ओढली. सकाळी ऑटोत दोन कुंड्या मांडीवर घेऊन मी शाळेत गेले, चांगल्या साडीला गेरू लागला. पोरांचं समूहगीत मी महिनाभर बसवलं होतं. साहेबांनी भाषणात समूहगीताचं नाव काढलं नाही. म्हणाले, "या मिरच्यांच्या कुंड्या ज्यांनी केल्या त्या भगिनीचं अभिनंदन." टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. काय करणार?

त्याच आठवड्यात माझी मावशी गोंदियाहून आली. मावशीनं उभा जन्म बिड्या वळल्या. बोटं तंबाखूनं काळी पडलेली, पाठ वाकलेली. तिच्या लहानपणी मालकाच्या दारात आमच्या लोकांना पाणी वरून ओंजळीत ओतायचे, मजुरीचे पैसे जमिनीवर टाकायचे, आणि ते वाकून वेचायचे. हे तिनं मला सांगितलेलं. ऐकताना माझे डोळे भरायचे. ते सगळं खरं होतं, मावशीच्या अंगावरून गेलेलं होतं.

मावशीनं कुंड्या पाहिल्या आणि म्हणाली, "मले चार भेटतीन का वं? सुनेले दाखवतो." मी ताईला हाक मारली. ताई बाहेर आली, डाळ चुलीवर होती म्हणून घाईत. तिनं पटापट सात-आठ लाल मिरच्या खुडल्या. मी हात पुढे केला. पंजा पसरून. तिनं त्या माझ्या हातात दिल्या नाहीत. कठड्यावर ठेवल्या, माझ्या हाताच्या बाजूला, म्हणाली, "घे वं," आणि आत पळाली.

माझा हात तसाच पसरलेला. मावशी माझ्या हाताकडे पाहून राहिली होती. मग हळूच म्हणाली, "अजूनही असंच हाये का?"

त्या क्षणी मला काय झालं ते प्रामाणिकपणे सांगते. राग आला, पण रागाच्या आधी एक गोष्ट आली. सुटल्यासारखं वाटलं. इतके महिने मी जळत होते आणि जळायला कारण नव्हतं. बाई चांगली, तिची झाडं चांगली, माझं मन वाईट. आता एकदम कारण सापडलं. आता मी जळकी नव्हते, माझा अपमान झाला होता. आणि अपमान असा, की ज्याच्यापुढे कुणी तोंड उघडू शकत नाही.

मी त्या मिरच्या उचलल्या नाहीत. तिथंच पडू दिल्या. तीन दिवस त्या कठड्यावर पडून सुरकुतल्या. ताई येता-जाता त्यांच्याकडे आणि माझ्याकडे पाहायची.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, परवा ती तुझ्या ताटात जेवली ना?" मी त्याच्यावर अशी ओरडले की त्यानं पुन्हा तो विषय काढला नाही. मुलीला दुसऱ्या दिवसापासून सासूबाईंकडे गावी ठेवलं. पोरगी महिनाभर रडली, मी आठवड्यातून एकदा भेटायची. आणि मी सांगत सुटले. शाळेत मधल्या सुट्टीत सांगितलं. विहारात बायांना सांगितलं. घरमालकिणीला सांगितलं. कसा हात पसरला, कशा खाली ठेवल्या, म्हातारी मावशी कशी पाहत राहिली. सांगताना माझा आवाज भरून यायचा. प्रत्येक वेळी ऐकणाऱ्याला पटायचं, कारण अशा गोष्टी घडतातच. आमच्याच गल्लीच्या टोकाला एक बाई होती, ती खरोखरच आम्हाला वेगळ्या कपात चहा द्यायची. तिच्याविरुद्ध मी कधी एक शब्द बोलले नाही. तिच्या दारात कुंड्या नव्हत्या.

ताई एकदा दारात आली. "काय झालं वं? काऊन बोलत नाई? पोरीले काऊन नेलं?"

"तुमचं तुम्हाला माहीत," म्हणून मी दार लावून घेतलं.

तिच्या मुलीला मात्र मी अभ्यासाला येऊ दिलं. लोक म्हणाले, मॅडमचं मन मोठं आहे. एक दिवस त्या पोरीनं गणित सोडवता-सोडवता विचारलं, "मॅडम, तुमी माह्या आईसोबत काऊन बोलत नाई?" मी म्हणायला पाहिजे होतं, मोठ्यांचं असतं काहीतरी. मी म्हटलं, "तुझ्या आईला विचार, मिरच्या माझ्या हातात का नाही दिल्या. खाली का ठेवल्या." पोरीचा चेहरा पडला. अस्पृश्यता म्हणजे काय ते तिला पक्कं समजत होतं. मीच शिकवलं होतं. अकरा वर्षांची होती ती.

दीड-दोन महिन्यांनी मी आठवडी बाजारात गेले. एका म्हातारीजवळ पावभर मिरच्या मागितल्या. पिशवीचं तोंड अडकलं होतं म्हणून वर जास्तीच्या दिलेल्या चार मिरच्या हातात घ्यायला हात पुढे केला. तिनं हात मागे घेतला, मिरच्या पोत्यावर ठेवल्या. "हातात नोको घेऊ माय. मिरची हातोहात देल्ली का भांडन होते."

मी उभी राहिले. "काय म्हणालात?"

"नाई मालूम? मीठ, मिरची हातात देत नाई कोनी. खाली ठेवा, दुसऱ्यानं उचलाव."

मला खरंच माहीत नव्हतं. माझ्या वडिलांनी दृष्ट, मुहूर्त, लिंबू-मिरची, सगळंच घरातून केव्हाच हद्दपार केलं होतं. आमच्याकडे मिरची काय, सुरीसुद्धा सरळ हातात द्यायची. आणि ताईच्या आणि माझ्या घरातली देवाणघेवाण नेहमी वाटीतून. तिनं भांडण होऊ नये म्हणून मिरच्या खाली ठेवल्या होत्या. माझ्याशी भांडण होऊ नये म्हणून.

बाजारातून तिच्या दारात जायला दहा मिनिटं लागली असती. मी गेले नाही. सांगते का नाही गेले ते. एक तर, गेले असते तर सगळ्यांना सांगावं लागलं असतं की मी चुकले, शाळेत, विहारात, घरमालकिणीला. मॅडम चुकल्या, आणि तेही दहावी नापास बाईपुढे. आणि दुसरं, हे लिहिताना आजही लाज वाटते, तिच्या कठड्याशी आता फारसं कुणी थांबत नव्हतं. आमच्या लोकांनी तर तिच्या सपरीत बसणं सोडलं होतं. मिरच्या तशाच लाल होत्या, पण "अरे वा" म्हणणारं कुणी नव्हतं. मला ते आवडत होतं.

त्याच उन्हाळ्यात ताईच्या सासऱ्याला अर्धांगवायू झाला आणि ते बिऱ्हाड बोदलकसाकडे गावी गेलं. ज्या दिवशी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत सामान भरलं त्या दिवशी शाळेला सुट्टी होती. तरी मी लूना काढून शाळेत गेले आणि रिकाम्या वर्गात संध्याकाळपर्यंत बसले. घरी आले तेव्हा पलीकडचा कठडा मोकळा होता. आता आपल्या कुंड्या ठेवता येतील, असं वाटलं. पण मी तिथं काहीच ठेवलं नाही.

अकरा वर्षांनी, दोन हजार चौदाच्या हिवाळ्यात, माझ्या शाळेची सहल बोदलकसाच्या तलावावर नेली. मी तोवर मुख्याध्यापिका झाले होते. पोरं पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, बसून डबे खात होती. मी बाजूला उभी असताना एक बाई मासोळीची पिशवी घेऊन समोरून आली, थांबली आणि म्हणाली, "मॅडम ना वं तू?"

केस पिकले होते. बाकी तशीच. मी सहायक शिक्षकांना पोरांवर लक्ष ठेवायला सांगितलं आणि तिच्यामागे तिच्या घरी गेले. गाव पाच मिनिटांवर. अंगणात पाय ठेवला आणि काय सांगू, चाळीसेक कुंड्या. जांभळ्या पानांच्या, बोरासारख्या गोल मिरच्यांच्या, काळ्या मिरच्यांच्या, पांढऱ्या मिरच्यांच्या. तिनं आपल्या मनानं एकात एक मिसळून नवेच रंग काढले होते. आणि माझ्या पोटात तेच जुनं दुखलं. मी तिच्यामागे माफी मागायला आले होते आणि अंगणातच पुन्हा जळले. मेलं मन, त्याला वय नाही.

तिनं चहा केला. मी कप खाली ठेवला आणि म्हटलं, "ताई, तेव्हा मी तुमच्यावर जळत होते. तुमच्या कुंड्यांवर. ते मिरच्या खाली ठेवणं वगैरे, मला नंतर कळलं का ठेवतात ते. आणि खरं सांगू, कळायच्या आधीही मला माहीत होतं तुम्ही तशा नाही."

ती चहा पीत राहिली. मग म्हणाली, "जळत होती ते मले मालूम होतं. तीन मिरच्या चोरल्या तेबी मालूम होतं. त्याचं काई नाई वं. मी का कमी जळो तुह्यावर? तू लूनावर बसून निघाली का मी भांडे आपटो. बाईमानूस बाईवर जळतेच. पन मी तुह्यं नाव नाई खराब केलं."

ती पुढे सांगत गेली.

"माह्या माणसाले कचेरीत इचारत होते, तुमची बायको विटाळ पाळते म्हने. घरमालकीन, जे सोता सोवळं पाळे, ते मले शिकवे का असं करू नये. ते सारं जाऊ दे. माह्या पोरीनं मले इचारलं, 'आई, तू खरंच मिरच्या खाली ठेवल्या का?' मी काय सांगू? ठेवल्या त होत्या."

"पण तुम्ही तिला सांगितलं असेल ना, हातात देत नाहीत म्हणून?"

"सांगतलं. ते म्हने, हे तू आता बनवून सांगून राहिली. मॅडम खोटं नाई बोलत." ताईनं कप खाली ठेवला. "पंधरा दिवस पोट्टी माह्यासोबत नीट बोलली नाई. आतापन, काई वाद झाला का म्हनते, तू त तशीच हायेस, मॅडमसोबत कशी वागली होती. लग्न ठरलं तिचं. पोरगा तुमच्यातला हाये. फोटो पाहला, मले आवडला. पन पोट्टी त्याले माह्या घरी आनाले भेते. म्हनते, आई त्याचा अपमान करन."

बाहेर कुणाचीतरी बैलगाडी गेली. पोरगी सडक अर्जुनीकडच्या एका शाळेत शिक्षिका झाली आहे, तिनं डी.एड. केलं ते तुझ्यासारखं व्हायचं म्हणून, हे ताईनंच सांगितलं. सांगताना आवाजात कौतुक नव्हतं.

"मी तिला सांगते," मी म्हटलं. "सावकाश भेटून सांगते. असं फोनवर..."

"आता सांग," ताई म्हणाली. "माह्यासमोर." आणि तिनं तिचा मोबाइल काढून नंबर लावला आणि माझ्या हातात दिला.

रिंग वाजत होती तेवढ्या वेळात मी किती गोष्टींचा विचार केला. या जगात मला नावाजणारी माणसं तशी थोडीच. नवरा नावाजत नाही, शाळेत मला पाठीमागे खडूस म्हणतात. ही एक पोरगी होती, जिला मी आवडत होते, आणि मला आजवर ते माहीतही नव्हतं.

"हॅलो, आई?"

"आई नाही. मी बोलतेय, आमगावची मॅडम."

"मॅडम! अय्या, मॅडम तुम्ही! आईकडे? मॅडम, मी वर्गात पोरांना रोज तुमचं सांगते. आई नीट बोलली ना तुमच्याशी?"

ताई माझ्याकडे पाहत होती. फोनमधला आवाज तिला ऐकू जात होता.

मी म्हटलं, "ऐक बेटा. त्या मिरच्यांचं मी तुला खोटं सांगितलं होतं. तुझ्या आईनं विटाळ पाळला नव्हता. मिरची हातात दिली की भांडण होतं म्हणून तिनं त्या खाली ठेवल्या. ती माझ्या ताटात जेवलेली बाई आहे. मला तेव्हाही माहीत होतं ती तशी नाही. मी तिच्या कुंड्यांवर जळत होते, म्हणून तुला तसं सांगितलं. तू लहान होतीस. तरी सांगितलं."

वाटलं, फोन कटला. मी दोनदा हॅलो म्हटलं.

मग ती म्हणाली, "आईला फोन द्या."